भुरीला आलेलं स्थळ

जळगावच्या ओसवाल समाजात धनकुंवरबाई माहीत नाहीत असं घर शोधून सापडायचं नाही. लग्न जमवणं हा काही त्यांचा धंदा नव्हे, कुणाकडून कधी साधी साडीसुद्धा घेतली नाही. पण भुसावळपासून नंदुरबारपर्यंत कुणाला मुलगी द्यायची झाली की आधी त्यांच्या कानावर घालायचं, ही रीतच पडून गेलेली. त्यांनी हो म्हटलेलं लग्न मोडलं असं अजून तरी झालेलं नाही. निदान त्यांच्यासमोर तसं बोलायची कुणाची छाती नाही.

त्यांची पद्धत ठरलेली. फोटोवर काडीचा भरवसा ठेवायचा नाही. पाहायला जायचं ते न कळवता, दुपारी तीनच्या सुमाराला, कारण त्या वेळी घर जसं असतं तसंच दिसतं. मुलीच्या आधी मुलीची आई बघायची. समोरच्या घरी पाणी मागायचं आणि पाणी पिता पिता चौकशी करायची. आणि कुठे काही लपवलंय अशी शंका आली, की चहा अर्धा टाकून उठायचं.

हा शेवटचा नियम त्या स्वतःच्या अनुभवाने शिकलेल्या. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाला, म्हणजे भिकमचंदांना, मुद्दाम अशा जागी बसवलं होतं की मुलीकडची सगळी मंडळी त्यांच्या डाव्या हाताला यावीत. उजव्या कानाने त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही, हे धनकुंवरबाईंना कळलं ते वरातीच्या दुसऱ्या दिवशी. पुढे नवरा देवमाणूस निघाला, डाळीचं दुकान भरभराटलं, आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसून पन्नास वर्षं सुखाचा संसार झाला. तरी ती गोष्ट निघाली की त्या आजही फणकारतात. "सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पण सांगायला नको?"

तर अशा बाईच्या घरात कुत्रा आणायचं निघालं.

निघालं ते चेलनामुळे. चेलना म्हणजे धाकटी नात, सहा वर्षांची, पहिलीतली. गणपतीच्या दिवसांत गल्लीतली तीन कुत्री तिच्या सायकलमागे लागली. चावलं कुणी नाही, पण पोरगी सायकलसकट गटारीच्या कडेला पडली, आणि त्या दिवसापासून तिचा पाय रस्त्याला लागेना. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, तरी तिला स्कूटरवर मध्ये बसवून न्यायचं, पुढे बाप आणि मागे आई. खाली खेळायला जाणं बंद. लांब कुठे भुंकणं ऐकू आलं की ती आजीच्या पदरात तोंड खुपसायची आणि बराच वेळ बाहेर काढायची नाही. तो धडधडणारा एवढासा जीव मांडीवर घेऊन धनकुंवरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या. ही पोर जन्मभर अशी भिंतीला धरूनच चालणार की काय, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, एखादा शांत कुत्रा घरी आणून पाहा, हळूहळू सवय होईल. मात्र नीट पारखून आणा, चुकीचा आला तर भीती कायमची बसेल, असंही त्यांनी बजावलं. सून नूतन हे ऐकून आणखीच धास्तावली. मुलगा प्रेमराज त्याच रात्री फोनवर कुत्रे शोधायला लागला. आणि दहा वर्षांचा नातू संयम, त्याला तर आनंदाने शाळेचा डबा खाली जाईना. धनकुंवरबाईंनी मात्र नाक मुरडलं. ज्या घरात स्वाध्याय चालतो, कांदा-लसूण उंबरठ्याच्या आत येत नाही, सूर्य मावळला की कुणी घास घेत नाही की पाणी पीत नाही, त्या घरात कुत्रं? दोन दिवस त्या नाक मुरडूनच होत्या. तिसऱ्या दिवशी चेलना त्यांना हळूच म्हणाली की मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी जाणार नाही, तिच्या गल्लीतपण असतात. त्या संध्याकाळी धनकुंवरबाईंनी प्रेमराजला बोलावून सांगून टाकलं, आणायचं तर आणू, पण पाहायला मी येणार.

प्रेमराजने धुळ्याचं एक ठिकाण काढून ठेवलं होतं. विलायती जातीची पिल्लं, फोटो असे की कॅलेंडरवर छापावेत. धनकुंवरबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिले आणि काही न बोलता फोन परत केला. रविवारी सकाळी सगळे गाडीत बसले. भिकमचंद तेवढे दुकानाचं निमित्त सांगून मागे राहिले. तिकडे कळवू नकोस असं आईने बजावलं होतं, आणि प्रेमराजने अर्थातच कळवलं होतं.

त्यामुळे धुळ्याच्या त्या बंगल्यात पिल्लं आंघोळ घालून, पावडर लावून टोपलीत मांडलेली. मालक बोलायला इतका गोड की धनकुंवरबाई तिथेच सावध झाल्या. त्यांनी पिल्लांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, यांची आई कुठे आहे. मालक म्हणाला, शेतावर आहे. थोड्या वेळाने म्हणाला, आजारी आहे, दवाखान्यात ठेवलीय. चहा आला तोवर ती नाशिकला भावाकडे गेलेली होती. मागच्या बंद दाराआडून मात्र कुणीतरी थकल्या आवाजात भुंकत होतं. धनकुंवरबाईंनी कप बशीत ठेवला आणि उठल्या.

गाडीत बसल्यावर प्रेमराज लालबुंद झाला होता. त्याचं म्हणणं, बाई, आपण कुत्रा घ्यायला आलोय, सोयरीक करायला नाही. मारवाडी घरांतून आईला बाईच म्हणतात, त्याप्रमाणे तो त्यांना बाई म्हणायचा. धनकुंवरबाई म्हणाल्या, जे कायमचं घरात येणार ती सोयरीकच. आई दाखवत नाहीत तिथे काहीतरी झाकलेलं असतं, आणि झाकलेल्या घरातलं मला मीठसुद्धा नको. मग धनकुंवरबाईंच्या माहेरी, म्हणजे धुळ्यातच भावाकडे, दुपारचं जेवण झालं आणि गाडी परत जळगावच्या रस्त्याला लागली. संयमने पारोळ्यापर्यंत मुसमुसून घेतलं. चेलना आईच्या कुशीत निवांत होती. कुत्रा मिळाला नाही याचा आनंद फक्त तिला झालेला, आणि तो पाहून आजीचा जीव आणखी तुटत होता.

एरंडोल जवळ आलं आणि धनकुंवरबाईंना झुलालची आठवण झाली. झुलाल वीस वर्षं त्यांच्या दुकानी मूग-तूर घालत आलेला शेतकरी. दिवाळीला आला तेव्हा आपली कुत्री व्याल्याचं कौतुक अर्धा तास सांगून गेला होता. त्याचं गाव धरणगावच्या वाटेवर, चार किलोमीटर आत. धनकुंवरबाईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजत होते. न कळवता जायची वेळ थोडी टळली होती, पण चालण्यासारखी होती. त्यांनी प्रेमराजला गाडी वळवायला सांगितली.

झुलालच्या अंगणात कापसाचा ढीग आणि त्या ढिगाशेजारी बाजेवर झुलाल, चांगला घोरत पडलेला. गाडी पाहून तो टोपी शोधायला लागला. फोन करायचा ना अक्का, फोन करायचा ना, एवढंच त्याच्या तोंडून येत होतं. त्याची बायको कुंदाबाई शेतातून नुकतीच आलेली, केसांत कापसाचे धागे तसेच. ती काही गडबडली नाही. तिने पाणी दिलं, आल्याचं कारण ऐकलं, आणि गोठ्याकडे बोट दाखवलं. तिथे मैना नावाची कुत्री पाच पिल्लांना घेऊन पडली होती.

धनकुंवरबाईंनी मग पद्धतशीर पाहणी केली. आधी आई. मैना उठली, जरा लांबून त्यांना नीट न्याहाळलं, दोनदा शेपूट हलवलं आणि पिल्लाला हात लावू दिला. भुंकली नाही, आणि उगाच लाडीगोडीही केली नाही. मग धनकुंवरबाई रस्ता ओलांडून समोरच्या म्हातारीकडे गेल्या, पाणी मागितलं आणि विचारलं, ही कुत्री कुणाला चावली का कधी. म्हातारी म्हणाली, चावायची नाही, पण एकदा आख्खी भाकरी घेऊन पळाली होती. म्हातारीने दोषही सांगितला, म्हणून धनकुंवरबाईंना तिचं बोलणं खरं वाटलं. त्या परत आल्या तोवर एका काळ्या-पांढऱ्या पिल्लाने संयमच्या बुटाची नाडी दातांत धरून त्याला अंगणभर फिरवलं होतं. पिल्लू देखणं, धीट, डोळ्यांत चमक. संयमचं नाव ठेवूनसुद्धा झालं होतं. धनकुंवरबाईंनी मान डोलावली. प्रेमराजने सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात कुंदाबाई पदर खोचून त्यांच्यासमोर बसली.

"तुमनं पाहणं झायं, अक्का. आते आमनं."

धनकुंवरबाईंना क्षणभर कळेचना. इतक्या वर्षांत त्यांना कुणी समोर बसवून विचारलं नव्हतं. कुंदाबाईने विचारलं. दिवसा घरी कोण असतं? अंगण आहे का? साखळीला बांधून ठेवणार का? पोरं मारकुटी आहेत का? धनकुंवरबाई आपल्या घरी उपवर मुली बसतात तशा मांडी आवरून उत्तरं देत होत्या. प्रेमराज तोंडावर रुमाल धरून दुसरीकडे पाहत होता. खाण्याचं निघालं तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं, आमच्या घरात भाकरी, डाळ, दूध, दही, पनीर मिळेल, तेही दिवस मावळायच्या आत. मांस-अंडं येणार नाही. कुंदाबाई म्हणाली, आमच्याकडे तरी रोज काय शिजतं, भाकरीच. पण बाहेर पिल्लाने कुठे तोंड घातलं तर? धनकुंवरबाईंनी विचार करून उत्तर दिलं, बाहेर करेल ते त्याचं कर्म, आम्ही त्यात पडणार नाही. झुलालला हे फार पटलं.

मग कुंदाबाईने गाडीकडे पाहिलं. गाडीच्या काचा वर होत्या. आत नूतन आणि चेलना.

"ती पोर कामून उतरत नही?"

"झोपलीय," धनकुंवरबाई पटकन म्हणाल्या.

म्हणाल्या खऱ्या, आणि त्याच वेळी काचेला नाक लावून बसलेले दोन टपोरे डोळे सगळ्यांना दिसले. कुंदाबाईने ते पाहिले. धनकुंवरबाईंनीही पाहिले.  धनकुंवरबाईंच्या कानशिलांना एकदम ऊन ऊन लागलं. सकाळीच एका घरात आई झाकून ठेवली म्हणून त्या तणतणत उठल्या होत्या, आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या अंगणात बसून आपली नात झाकत होत्या. भित्र्या पोरीच्या घरी आपलं पिल्लू द्यायला कोण तयार होईल, या धाकाने जीभ आपसूक वळली होती. पन्नास वर्षांपूर्वी भिकमचंदांना कडेला बसवणाऱ्या माणसांनाही असाच धाक वाटला असेल, हे त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच आलं. लाज वाटली त्यांना, अगदी मनापासून लाज वाटली.

"कुंदाबाई, मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "ती झोपलेली नाही. तिला कुत्र्यांची भीती बसलीय. इतकी, की ती चालत शाळेत जात नाही. तिच्यासाठीच मी आले. तुम्ही नाही म्हणाल म्हणून सांगितलं नाही. आता तुम्ही नाही म्हणालात तरी माझं काही म्हणणं नाही."

कुंदाबाई उठली. तिने संयमच्या पायाशी लोळणाऱ्या पिल्लाला मानेला धरून उचललं आणि गोठ्यात आईपाशी नेऊन ठेवलं. संयमचा चेहरा पडला.  सगळं संपलं असं वाटून धनकुंवरबाई बाजेचा आधार घेऊन उठायला लागल्या.

"हाई पिल्लूनं काम नही, अक्का," कुंदाबाई म्हणाली, आणि त्यांचा हात धरून तिने त्यांना पुन्हा खाली बसवलं. मग तिने समजावून सांगितलं. पिल्लू म्हणजे दातांना खाज. ते अंगावर उड्या मारणार, फ्रॉक ओढणार, बोटं चावणार. ते खेळतच असणार, पण पोरीला ते कसं कळणार? पहिल्याच दिवशी ती किंचाळेल, आणि मग पोरीची भीतीही जाणार नाही आणि पिल्लाचंही मन मोडेल.

हे खरंच होतं. धीट आणि देखणं पाहून धनकुंवरबाई भुलल्या होत्या, एखाद्या कच्च्या माणसासारख्या. आता मात्र त्यांचा मूळचा डोळा जागा झाला. पाहण्याच्या कार्यक्रमात ज्या मुलीला पुढे आणलेलं नसतं, जी आत पोहे करत असते, तिच्याकडे आधी पाहायचं, हे त्यांनीच किती जणींना शिकवलेलं. त्यांनी अंगणभर नजर फिरवली. कापसाच्या ढिगाच्या पलीकडे कुंदाबाईची रांगती नात बसली होती. तिच्यासमोर एक राखाडी-तपकिरी कुत्री, एक कान मोडलेला, अंगाने साधीच. नात तिच्या तोंडातला भाकरीचा तुकडा ओढून काढत होती. कुत्रीने तोंड उघडून तो सोडला. पोरीने चाखून पाहिला, आवडला नाही, परत तिच्या तोंडात कोंबला. कुत्रीने निमूट खाल्ला.

"आणि ती कोण?"

ती भुरी. मैनेची मागच्या वेताची, दोन वर्षांची. लोक येतात, पिल्लं पाहतात, घेऊन जातात. हिला कान मोडका म्हणून तेव्हा कुणी नेलं नाही, आणि नंतर कुणी विचारलं नाही. ही भुरी रोज कुंदाबाईबरोबर कापसाच्या शेतात जाते आणि पोरगी झोपली की झोळीखाली बसते. कुंदाबाईचा आवाज सांगता सांगता बारीक झाला.

"मोठी घरात असताना तुम्ही मला धाकटी दाखवलीत होय," धनकुंवरबाई म्हणाल्या. कुंदाबाईला हसू आलं, आणि डोळ्यांना पदरही लावावा लागला.  मग ती म्हणाली, मी कोण देणार, तिलाच विचारू, आणि तुमच्या पोरीलाही.

तिने नूतनला गाडीचं दार उघडून बाजूला व्हायला सांगितलं. नूतनने घाबरत दार उघडलं. चेलना सीटवर पाय वर घेऊन आक्रसून बसली. बाकी सगळ्यांना कुंदाबाईने अंगणाच्या या टोकाला आणलं आणि भुरीला नुसती हाक मारून गाडीकडे जा असं हाताने दाखवलं. भुरी गेली. टायरचा वास घेतला. दारापासून तीन हातांवर थांबली, चेलनाकडे एकदा पाहिलं, आणि मग काय केलं, तर तिच्याकडे पाठ करून खाली बसली. एक मोठी जांभई दिली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

आता वाट पाहायची होती. कुंदाबाईने मध्येच आत जाऊन चूल पेटवली. ही माणसं दिवस मावळला की जेवत नाहीत हे झुलालला इतक्या वर्षांत ठाऊक झालेलं. मुगाची डाळ, लसूण न घालता, आणि गरम भाकरी. संयम आणि प्रेमराज ओट्यावर जेवायला बसले. नूतनने उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. धनकुंवरबाईंचं ताट त्यांच्या पुढ्यात आलं. पण जेवायचं म्हणजे हात धुवायला मोरीपाशी जायचं, आणि मोरी गाडीच्या बाजूला. आपण हललो, चेलनाने पाहिलं, आणि तिने हाक मारून उचलून घ्यायला लावलं, तर? त्या जागच्या हलल्या नाहीत. समोर तुरीच्या शेतावर सूर्य टेकला. प्रेमराजने खुणेने सांगितलं, बाई, वेळ होतेय. त्यांनी खुणेनेच त्याला गप्प केलं. सूर्य अर्धा गेला, मग पूर्ण गेला. आता उद्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. भाकरी ताटात थंड झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

कारण गाडीच्या दारातून एक छोटी चप्पल खाली आली होती. मग दुसरी. चेलना एका हाताने दार धरून उभी होती. भुरीचं शेपूट तिच्यापासून हातभर अंतरावर धुळीत पसरलेलं. बराच वेळ काही झालं नाही. मग चेलनाने वाकून एका बोटाने शेपटाच्या टोकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. भुरीने वळून पाहिलं नाही. शेपूट एकदा उचललं आणि खाली टाकलं.

"दादी," चेलनाने तिथूनच विचारलं, "ती मला घाबरते का?"

खोटं बोलायचं नाही हे आत्ताच ठरलेलं, म्हणून धनकुंवरबाईंनी नीट विचार केला. भुरीने ही माणसं आज पहिल्यांदा पाहिली होती. मोटारीचा वासही तिला नवा. "घाबरत असेल थोडी," त्या म्हणाल्या. "आपण परकी आहोत ना तिला."

चेलनाला हे भलतंच नवीन होतं. आपल्याला कुणी घाबरावं असं तिच्या सहा वर्षांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. ती धुळीत उकिडवी बसली आणि भुरीच्या पाठीला सांगायला लागली की मी मारत नाही, माझ्या भावाने मारलं तर तू मला सांग. नूतन भिंतीकडे तोंड करून रडली. धनकुंवरबाईंचेही गाल भिजले आणि त्यांनी पुसले नाहीत.

निघताना कुंदाबाईने भुरीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. धनकुंवरबाईंनी तिला आपल्या अंगावरची शाल दिली. मुलीकडच्यांना मोकळ्या हाताने सोडायचं नसतं, असं म्हणाल्या. कुंदाबाईने शाल घेतली आणि सांगितलं, मी एक दिवस येईन पाहायला. न कळवता येईन. झुलालने दटावल्यासारखं केलं, पण धनकुंवरबाई म्हणाल्या, यायलाच पाहिजे.

जळगावच्या घरात भुरी आठ दिवसांत रुळली. साडेपाच वाजले की ती स्वयंपाकघराच्या दाराबाहेर येऊन बसते, उंबरठा ओलांडत नाही. भिकमचंद म्हणतात, आता घरात घड्याळाची गरज उरली नाही. दुपारी ते चांगला कान उशीला लावून झोपतात, त्यामुळे तिचं भुंकणं त्यांना ऐकूही येत नाही आणि दोघांचं मस्त जमतं. संयम आधी रुसला होता. मग भुरी चेंडू आणून देते हे त्याला कळलं. आणि चेलना पंधराव्या दिवशी स्कूटरवरून उतरली, ती भुरीला घेऊन पायी शाळेत गेली, मागून दहा पावलांवर नूतन. पुढच्या आठवड्यात नूतनलाही तिने परत पाठवलं. शाळा सुटायच्या वेळी भुरी एकटीच फाटकापाशी जाऊन बसायची.

मकरसंक्रांतीच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी धनकुंवरबाई रोजच्याप्रमाणे गॅलरीत उभ्या होत्या. कोपऱ्यावर पिशवी घेऊन एक बाई उभी दिसली, अंगावर ओळखीची शाल. कुंदाबाईच. झुलाल तूर घेऊन आला असणार आणि ही त्याच्याबरोबर. ती हाक मारत नव्हती, नुसती पाहत होती. धनकुंवरबाईंनीही हाक मारली नाही. पाहणीत मध्ये बोलायचं नसतं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून चेलना आणि भुरी आल्या. अर्ध्या वाटेवर भुरीने मान वर केली, वास घेतला, आणि जी सुटली ती थेट कुंदाबाईच्या अंगावर. कुंदाबाई रस्त्यातच खाली बसली, भुरीने तिचं तोंड चाटून काढलं. आणि इकडे चेलना भर गल्लीत एकटी. पानटपरीच्या आडोशाला झोपलेली ती तीन कुत्री, तीच तीन, धावण्याच्या आवाजाने उठली आणि तिच्याकडे यायला लागली.

धनकुंवरबाई जिन्याकडे वळल्या आणि थांबल्या. जिना उतरून पोचेपर्यंत काय होईल, हाक मारावी तर पोर पळत सुटेल. त्यांनी कठडा घट्ट धरला.

चेलना पळाली नाही. तिने तिन्ही कुत्र्यांकडे एकदा पाहिलं. मग दप्तर सावरलं, त्यांच्याकडे सरळ पाठ केली, आणि भिंतीवरच्या जाहिरातीकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने तिने तोंड उघडून एक मोठी, अगदी खोटी जांभई दिली. कुत्री जवळ आली, दप्तराचा वास घेतला. त्यातलं एक तिथेच खाजवत बसलं, बाकीची दोन परत टपरीकडे गेली. चेलना आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग चालत, न धावता, कुंदाबाईपाशी जाऊन म्हणाली की भुरीला असं रस्त्यात सोडून पळायची सवय आहे का?

धनकुंवरबाई जिना कशा उतरल्या ते त्यांनाच आठवत नाही. खाली पोचल्या तेव्हा चेलनाने भुरीच्या गळ्यात हात टाकलेला होता आणि कुंदाबाई पदराने डोळे पुसत होती. घर कसं आहे ते पाहायला ती आधी वर आलीच नाही. तिथेच उभ्या उभ्या म्हणाली, "पोर चांगली नांदी ऱ्हायनी, अक्का."

"नांदतेय," धनकुंवरबाई म्हणाल्या. "आता वर चला. पाच वाजत आले, तुमच्या हातची भाकरी माझी राहिलीय."

मग कुंदाबाईने जळगावच्या स्वयंपाकघरात भाकरी थापल्या, धनकुंवरबाईंनी डाळ वाढली, आणि भुरी उंबरठ्याच्या बाहेर बसून दोघींची वाट पाहत राहिली. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं झाली.